पादचारी बाजाररस्ते

बाजारपेठेच्या रस्त्याची पायी चालणाऱ्यांना प्राधान्य देणारी पुनर्रचना केली असता त्यास पादचारी बाजाररस्ता असे म्हणतात. अशा पुनर्रचनेचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात : (१) वाहनांस पूर्ण बंदी असलेला रस्ता, (२) ठराविक दिवशी किंवा ठराविक वेळी वाहनबंदी असलेला रस्ता, (३) वाहने चालू ठेवून पदपथ रुंद केलेला, वाहनतळाची जागा कमी केलेला व ओलांडण्याच्या जागा वाढविलेला रस्ता. या तिन्ही प्रकारांचा किरकोळ व्यापारावर होणारा परिणाम सारखा नसतो. रस्ता चालण्यास सोयीचा झाला म्हणजे व्यापार वाढतो, हा नियोजनकारांचा दावा. वाहने गेली म्हणजे गिऱ्हाईक गेले, ही दुकानदारांची भीती. या दोहोंतील वाद जगातील बहुतेक शहरांत एकाच स्वरूपात आढळतो. त्याचा निर्णय रस्त्याची जागा, तेथील मालाचे स्वरूप, ग्राहकांच्या येण्याची साधने व आसपासची वस्ती यांवर अवलंबून असतो.

ऐतिहासिक आढावा : मोटारी येण्यापूर्वीची प्रत्येक पेठ ही पादचारी पेठच होती. महाराष्ट्रातील जुन्या शहरांच्या पेठा, आठवडे बाजार व देवळांसमोरील बाजार हे चालणाऱ्यांच्या मापाने वाढले. बैलगाडी व टांगा यांचा वेग माणसाच्या वेगाहून फारसा अधिक नसल्याने दुकानाची फळी व रस्ता यांत अंतर पडले नाही. विसाव्या शतकात मोटारींची संख्या वाढल्यावर रस्त्याची मधली जागा वाहनांची व कडेची जागा उभ्या वाहनांची झाली. चालणाऱ्यास उरलेली पट्टी अरुंद होत गेली.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या रॉटरडॅम शहरात १९५३ साली लाइनबान हा केवळ पादचाऱ्यांसाठी आखलेला बाजाररस्ता खुला झाला. ही नव्याने बांधलेली पेठ होती. जुन्या, चालू पेठेतून वाहने काढण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कोपनहेगन येथील स्ट्रॉयट या रस्त्याचा होय. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी तो प्रायोगिक तत्त्वावर वाहनांस बंद करण्यात आला. डेन्मार्कसारख्या थंड देशात लोक रस्त्यावर रेंगाळणार नाहीत व धंदा बुडेल, असा व्यापाऱ्यांचा आक्षेप होता. प्रत्यक्षात गर्दी वाढली व १९६४ मध्ये ही व्यवस्था कायम करण्यात आली. वास्तुविशारद यान गेल यांनी पुढे या शहरातील चालणाऱ्यांच्या व थांबणाऱ्यांच्या नियमित गणना केल्या. चालणाऱ्यांची मोजणी हे नगररचनेचे एक साधन त्यामुळे प्रतिष्ठित झाले. ब्रिटनमध्ये नॉरिच येथील लंडन स्ट्रीट १९६७ साली पादचारी झाला. ब्राझीलमधील कुरितीबा शहरात महापौर जाइमे लेर्नर यांनी १९७२ साली मुख्य बाजाररस्त्याचे काम शनिवार-रविवारची सुटी साधून अत्यल्प वेळात उरकले. दुकानदारांना विरोध संघटित करण्यास अवसर मिळू नये, हा त्यामागील हेतू होता. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांनी पुढे योजनेच्या विस्ताराची मागणी केली.

अमेरिकेतील अनुभव याच्या उलट आहे. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे १९५९ साली मध्यवर्ती रस्ता वाहनमुक्त झाला आणि पुढील पंचवीस वर्षांत सु. दोनशे शहरांनी त्याचे अनुकरण केले. त्यांपैकी बहुतेक रस्ते नंतर पुन्हा वाहनांस खुले करावे लागले. खुद्द कॅलामझूचा रस्ता १९९८ मध्ये व शिकागोचा स्टेट स्ट्रीट १९९६ मध्ये खुला झाला. या शहरांतील लोकवस्ती मध्यभागातून उपनगरांत गेली होती. ग्राहक महामार्गालगतच्या बंदिस्त बाजारसंकुलांत मोटारीने जात होता. फरशी घातली, बाके ठेवली, तरी चालणारा माणूसच तेथे राहत नव्हता. बोल्डर, बर्लिंग्टन यांसारख्या विद्यापीठीय नगरांत मात्र असे रस्ते टिकले, कारण तेथे पायी येणारा वर्ग जवळपास होता. यावरून निघणारा निष्कर्ष असा, की पादचारी रचना गर्दी निर्माण करीत नाही. असलेल्या गर्दीस थांबण्याची सोय देते.

व्यापारावर परिणाम होण्याची कारणे : किरकोळ दुकानाचा धंदा तीन गोष्टींवर ठरतो : दुकानासमोरून किती माणसे जातात, त्यांपैकी किती आत वळतात व आत वळलेला किती खर्च करतो. चालण्याची जागा सोयीची झाल्यास या तिन्हींवर परिणाम होतो. वाहनातून जाणाऱ्यास फलक दिसतो, मांडलेला माल दिसत नाही. चालणाऱ्यास दोन्ही दिसतात. रस्ता ओलांडणे सोपे झाल्यास ग्राहक दोन्ही बाजूंची दुकाने पाहतो. बसण्याची जागा, सावली व स्वच्छतागृह असल्यास कुटुंबासह आलेला ग्राहक अधिक वेळ थांबतो. वृद्ध व लहान मुले बरोबर असल्यास हा फरक विशेष जाणवतो.

याउलट वाहनतळ दूर गेल्यामुळे काही गिऱ्हाईक तुटते. कापड, दागिने, पादत्राणे, पुस्तके, भेटवस्तू व खाद्यपदार्थ या हाताने नेण्याजोग्या व पाहून घेण्याच्या मालाच्या दुकानांना पादचारी रचना लाभते. लोखंडी सामान, फर्निचर, रंग, धान्याची पोती, बांधकाम साहित्य आणि घाऊक माल यांच्या दुकानांना वाहन दारापर्यंत लागते. त्यांचे नुकसान होण्याचा संभव असतो. परिणामी कालांतराने पेठेतील दुकानांचे स्वरूप बदलते. सरासरी उलाढाल वाढलेली दिसली, तरी जुन्या धंद्यांपैकी काही त्या रस्त्यावरून गेलेले असतात.

ग्राहक कसा येतो याविषयी दुकानदाराचा अंदाज बहुधा चुकतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. ब्रिस्टल येथील २००६ च्या पाहणीत दुकानदारांच्या मते ४१ टक्के ग्राहक मोटारीने येत होते. प्रत्यक्षात ते प्रमाण २२ टक्के भरले. बर्लिनमधील दोन बाजाररस्त्यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यापाऱ्यांचा अंदाज २१.६ टक्के, तर प्रत्यक्ष प्रमाण ६.६ टक्के होते. स्वतः मोटारीने येणारा दुकानदार ग्राहकही तसाच येतो असे गृहीत धरतो, हे याचे एक कारण मानले जाते. दुसरे असे, की वाहन उभे करण्यास जागा न मिळालेला ग्राहक तक्रार करतो. चालत आलेला काहीच बोलत नाही. दुकानासमोरच्या जागेत दिवसभर उभी असलेली वाहने पुष्कळदा दुकानमालकांची व नोकरांचीच असतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. स्पेनमधील चौदा शहरांत बँक-पत्रांवरील खरेदीच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात (२०२२) पादचारी क्षेत्रांतील दुकानांची विक्री इतर भागांपेक्षा अधिक आढळली. यूरोपीय शहरांतील हे आकडे भारतीय पेठांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. कारण येथे दुचाकी, रिक्षा व फेरीवाले हे तीन घटक त्या प्रमाणात तेथे नाहीत.

भारतातील प्रयोग : राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने (२००६) रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, तर माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व स्वीकारले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधाविषयक मार्गदर्शक संहितेत (२०१२ ची आवृत्ती) पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मी. सांगितली असून दुकानांसमोर त्याहून अधिक जागा अपेक्षिली आहे. या विषयास केवळ व्यापाराची बाजू नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

दिल्लीच्या चांदनी चौकातील लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सु. १.३ किमी. लांबीचा रस्ता पुनर्रचनेनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. तेथे सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात मोटारवाहनांस बंदी घालण्यात आली व मालाची ने-आण रात्रीवर ढकलण्यात आली. घाऊक पेठेत असा बदल केल्यास हमाली, गोदाम व रात्रपाळी यांचा खर्च व्यापाऱ्यावर पडतो. चेन्नईतील पाँडी बाझार भागात २०१९ साली तिसऱ्या प्रकारची रचना झाली. तेथे वाहने राहिली, परंतु पदपथ पुष्कळच रुंद करण्यात आले.

महाराष्ट्रात पूर्ण वाहनबंदीचे सर्वांत जुने उदाहरण माथेरानचे आहे. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये शोधलेल्या या गिरिस्थानी मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथील बाजार सर्वस्वी पायी हिंडणाऱ्या पर्यटकांवर चालतो. परंतु दुकानातील माल घोडे, हातगाड्या व हमाल यांच्याकरवी वर न्यावा लागतो व तो खर्च किमतीत येतो. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेवरील रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला, तेव्हा घोडेवाले व हातरिक्षा ओढणारे यांच्या उपजीविकेचा प्रश्न उपस्थित झाला. वाहनविरहित पेठेभोवती एक वेगळी श्रमव्यवस्था उभी राहते, हे यावरून स्पष्ट होते.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली व त्यानुसार जंगली महाराज रस्त्याच्या काही भागाचे पदपथ रुंद केले. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन पाळण्यास आरंभ झाला. त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांस बंद ठेवण्यात आला. पुणे कॅम्पातील महात्मा गांधी मार्गावरही सुटीच्या सायंकाळी वाहनबंदीचे प्रयोग झाले. एका दिवसाच्या उत्सवी बंदीवरून वर्षभराच्या व्यापाराचा अंदाज बांधता येत नाही. त्या दिवशी लोक पाहण्यास व हिंडण्यास येतात. नेहमीचा ग्राहक आपली खरेदी एक दिवस पुढे-मागे करतो.

ठाणे, कल्याण व डोंबिवली : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून या भागातील पेठा रेल्वे स्थानकाच्या दाराशी वाढल्या. स्थानकातून घरी पायी जाणारा नोकरदार हाच येथील मुख्य ग्राहक. ठाण्यातील जांभळी नाका, गोखले रस्ता व राम मारुती रस्ता, तसेच डोंबिवलीतील फडके रस्ता ही त्याची उदाहरणे होत. फडके रस्त्यावर दिवाळीच्या सकाळी तरुणांची जी गर्दी जमते व गुढीपाडव्यास जी स्वागतयात्रा निघते, ती पाहता हा रस्ता वर्षातून काही दिवस लोकांनी स्वतःच पादचारी केलेला आहे.

ठाण्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस, टी. चंद्रशेखर हे महापालिका आयुक्त असताना, रस्तारुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. तीत अनेक बांधकामांचे दर्शनी भाग पाडण्यात आले. रुंदीकरण व पादचारी पुनर्रचना या दोहोंत दुकानदारास आपल्या दारापुढील जागा सोडावी लागते. रुंदीकरणात ती वाहनाकडे, तर पुनर्रचनेत चालणाऱ्याकडे जाते. साहजिकच रुंदीकरणाची झळ सोसलेला दुकानदार दुसऱ्या योजनेकडेही संशयाने पाहतो.

स्थानक परिसरातील गर्दीवर काढलेला एक उपाय म्हणजे चालणाऱ्यास किंवा बसगाडीस वरच्या पातळीवर नेणे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस बसगाड्यांसाठी उन्नत मंच बांधण्यात आला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये वांद्रे येथे पहिला आकाशमार्ग खुला केला व नंतर कल्याणसह अनेक स्थानकांबाहेर असे मार्ग बांधले. यामुळे प्रवासी वाहनांच्या कोंडीतून सुटतो. परंतु खालच्या दुकानांसमोरून जाणारा ग्राहकही वर जातो. फेरीवाला मात्र गर्दीच्या मागोमाग वर पोहोचतो. आकाशमार्ग हा रस्ता पादचारी करण्याचा प्रकार नसून पादचाऱ्यास रस्त्यावरून दूर करण्याचा प्रकार आहे. व्यापाराच्या दृष्टीने या दोहोंचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत.

वागळे इस्टेट : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास १९६२ मध्ये ठाण्यातील वागळे इस्टेट येथून आरंभ झाला. येथील क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते मालमोटारी व कारखाने यांच्यासाठी आखलेले आहेत. बाजारपेठ ही त्यांच्या आराखड्यातील वस्तू नव्हे. पुढे मोठ्या कारखान्यांपैकी अनेक बंद झाले व त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आली. पारपत्र सेवा केंद्रही सुरू झाले. लहान अभियांत्रिकी कारखाने व छापखाने मात्र टिकून राहिले. भोवताली किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर यांसारख्या दाट वस्त्या वाढल्या व त्यांचे बाजार अरुंद रस्त्यांवर बसले. त्यामुळे एकाच परिसरात दोन प्रकारचे किरकोळ व्यापार आढळतात.

पहिला औद्योगिक रस्त्यांवरील. चहाची टपरी, वडापाव व पोळीभाजीच्या गाड्या, खानावळी, प्रती काढून देणारी दुकाने, औषधे व सुटे भाग यांची दुकाने हे त्याचे घटक. त्यांचा ग्राहक ठाणे किंवा मुलुंडहून बसने अथवा सामाईक रिक्षेने येणारा कामगार व कर्मचारी. दुपारच्या जेवणाच्या सुटीत व पाळी सुटताना तो पायी बाहेर पडतो. एरवी व सुटीच्या दिवशी हे रस्ते ओस असतात. येथे वाहनबंदी निरर्थक ठरेल. कारखान्यास मालमोटार हवीच. येथे उपयुक्त ठरणारी रचना म्हणजे सलग पदपथ, प्रवेशद्वारांपाशी न तुटणारी पातळी, बसथांब्यापासून कार्यालयापर्यंत सावली आणि दुपारच्या गाड्यांसाठी आखलेल्या जागा. पदपथावर उभी केलेली दुचाकी हटली, तर टपरीसमोर चार माणसे अधिक उभी राहू शकतात. या धंद्यात तेवढा फरकही महत्त्वाचा असतो.

दुसरा वस्त्यांतील बाजार. भाजी, मासळी, किराणा, कपडे व भांडी यांची खरेदी येथे रोजची व थोडी थोडी होते. ग्राहक घरापासून काही मिनिटांच्या अंतरावरून चालत येतो. अशा बाजारात सायंकाळी ५ ते ९ या वेळेत चारचाकी वाहने वळविल्यास बहुतेक ग्राहकांची गैरसोय होत नाही. मात्र रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांचा मार्ग मोकळा राहणे अत्यावश्यक असते. वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. पाऊस पडणाऱ्या या भागात पाण्याचा निचरा हा पुनर्रचनेचा कणा होय. गटारावर घातलेल्या लाद्या सैल झाल्यास किंवा पदपथाची उंची दुकानाच्या उंबऱ्याहून अधिक झाल्यास पावसाचे पाणी दुकानात शिरते. मग रचना कितीही देखणी असो, दुकानदार तिचा विरोधक बनतो. वागळे सर्कल येथे ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोचे स्थानक योजलेले असून त्या प्रकल्पास केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. असे स्थानक झाल्यावर चालणाऱ्यांचे प्रवाह बदलतात व त्यांबरोबर दुकानांचे मोलही बदलते. म्हणूनच पदपथांची आखणी स्थानकाच्या आधी होणे इष्ट असते.

फेरीवाले : भारतीय बाजाररस्त्याच्या पुनर्रचनेतील सर्वांत कठीण प्रश्न फेरीवाल्यांचा आहे. रस्त्यावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांस अधीन असा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सोदनसिंग खटल्यात (१९८९) मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समिती, पाहणी, प्रमाणपत्र व विक्रीक्षेत्रे यांची तरतूद केली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. परळ-एल्फिन्स्टन रोड येथील पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मी. अंतरात फेरीवाल्यांस मनाई असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले.

पदपथ मोकळा हवा ही चालणाऱ्याची गरज आणि गर्दीजवळ बसावे ही विक्रेत्याची गरज, या दोन्ही खऱ्या आहेत. फेरीवाला हा दुकानदाराचा केवळ स्पर्धक नसतो. भाजीसाठी आलेला ग्राहक शेजारच्या दुकानातून किराणाही नेतो. पुनर्रचनेच्या निमित्ताने फेरीवाले सरसकट उठविल्यास पदपथ रिकामा होतो. परंतु पेठेचे आकर्षणही घटते. पदपथाच्या कडेस, झाडे व दिव्यांच्या ओळीत त्यांना आखीव जागा देऊन मधली चालण्याची पट्टी अभंग राखणे, हा व्यवहार्य मार्ग मानला जातो.

भाडे व मालकी : रस्ता सुधारल्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे मालकीवरून ठरते. दुकानाचा मालक स्वतः धंदा करीत असेल, तर वाढलेली विक्री व जागेची वाढलेली किंमत दोन्ही त्याला मिळतात. पागडीच्या जुन्या भाडेकरूस भाडेवाढीपासून संरक्षण असते. ठराविक मुदतीच्या कराराने जागा घेतलेल्या दुकानदाराची विक्री मात्र वाढते, तसे पुढील कराराचे भाडेही वाढते; ते न पेलल्यास त्याच्या जागी साखळी-दुकान किंवा उपाहारगृह येते. तेव्हा पेठ भरभराटली आणि दुकानदार उठला, ही दोन्ही विधाने एकाच रस्त्याविषयी खरी असू शकतात. पुनर्रचनेच्या कामाचा काळही लहान दुकानदारास घातक ठरतो. खणलेल्या रस्त्यामुळे दोन सणांचे हंगाम गेले, तर पुढील लाभापर्यंत टिकून राहण्याची शक्ती त्याच्यात नसते. यासाठी काम लहान टप्प्यांत, दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्यापूर्वी संपविणे श्रेयस्कर ठरते.

मूल्यमापन : परिणाम खरोखर कोणता झाला हे ठरविण्यासाठी पुनर्रचनेपूर्वी व नंतर एकाच हंगामातील मोजणी आवश्यक असते. चालणाऱ्यांची संख्या, त्यांचा थांबण्याचा वेळ, येण्याचे साधन, दुकानांची उलाढाल, रिकामे गाळे, भाडे आणि धंद्यांचे प्रकार यांची नोंद घ्यावी लागते. तशाच एका अपरिवर्तित रस्त्याशी तुलना केल्याखेरीज सर्वसाधारण महागाई किंवा तेजीमुळे झालेली वाढ वेगळी काढता येत नाही. शेजारच्या गल्लीत ढकललेली वाहतूक व तेथील दुकानांचे नुकसानही हिशेबात धरावे लागते. अशी मोजणी कामापूर्वी केली असल्यासच वाद अंदाजावरून हिशेबावर येतो. मोजणी दुकानदारांच्या व विक्रेत्यांच्या सहभागाने झाली, तर तिचे निष्कर्ष त्यांना मान्य होण्याचा संभव वाढतो.

रेल्वे स्थानकाभोवती दाटलेल्या, पायी चालणाऱ्या ग्राहकावर जगणाऱ्या ठाणे-कल्याण पट्ट्यातील पेठांत पादचारी रचनेस अनुकूल असलेली मुख्य अट, म्हणजे जवळ राहणारा व चालत येणारा ग्राहक, मुळातच उपलब्ध आहे. अमेरिकी शहरांत ती नव्हती. तथापि मालाची ने-आण, पावसाचा निचरा, फेरीवाल्यांची जागा व भाडेकरू दुकानदाराचे संरक्षण या चार बाबी आराखड्यात आधी सोडविल्या गेल्या, तरच या अनुकूलतेचा लाभ रस्त्यावर चालणाऱ्यास व रस्त्यावर पोट असलेल्यास सारखाच मिळू शकतो.